दोघींचं एकच औषध

माझ्या धाकट्या जावेला निम्मी करता येणार नाही अशी वस्तू देवाने अजून घडवलेली नाही. धाड गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. दीर गेल्यापासून ती एकटीच. भांडायला घरात कोणी नाही, म्हणून न्यायनिवाड्याची सगळी हौस ती माझ्यावर भागवते. टरबूज चिरलं तर दोन्ही फाका समोरासमोर धरून आधी बियांचासुद्धा अंदाज घेणार. बुलढाण्याला जाताना एसटीत खिडकी मिळाली, तर अर्ध्या वाटेवर भर गर्दीत उठून, कंडक्टरच्या पायावर पाय देऊन, "या बाई, आता तुमची पाळी," म्हणत मला खिडकीशी कोंबणार. मला चष्मा लागला तेव्हा तिनेही तो घालून पेपर उघडला. दिसलं काही नाही, पण वाटा सोडला नाही.

मग साखर तरी कशी सोडेल? मला मधुमेह निघाला आणि महिन्याभरात तिलाही. आकडे जवळजवळ सारखे. तिला कोण समाधान! "पाहा बाई, साखर सारखी, मंग गोळी येगळी कायले पाह्यजे? तुम्ही तं जाऊनच राह्यल्या डॉक्टरकडं, मी काऊन हेलपाटा घालू?" मी तेव्हा साठीची होते, म्हणजे अक्कल अजून यायची होती. माझ्या गोळ्यांची पट्टी कात्रीने मधोमध कापून तिला देऊ लागले, वर पथ्यावर भाषणही. वर्षभर हा दवाखाना चालला. मी फुगत गेले, ती वाळत गेली. तिच्या बांगड्या कोपराशी जायच्या, तांब्यावर तांबे पाणी रिचवायची, आणि मी शहाणी तिच्या बारीकपणावर जळायचे. "तुलेच लागू पडली गं गोळी. माहं अंग तं ढिम्म हालत नाही!" ती ओशाळायची. वाट्याला जास्त आलं की तिला अपराध्यासारखं होतं.

एका आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता ती खाली बसली, ती उठेचना. बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी तिची हाडं पाहिली, माझी कापलेली पट्टी पाहिली. सलाईन लागलं, दोन दिवसांनी ती शुद्धीवर नीट आली, तेव्हा त्यांनी सी-पेप्टाइड नावाची तपासणी सांगितली. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं, ते त्या तपासणीवरून कळतं म्हणे. खाटेवरून जावेचा क्षीण आवाज आला, "आधी बाईचं रक्त घ्या. मी एकटी देणार नाही."

दोघींचे रिपोर्ट आले. माझा आकडा वरच्या मर्यादेच्याही वर, तिचा असून नसल्यासारखा. शाळेत मी कधी पहिली आले नव्हते. पदर सावरून ताठ बसले. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याला जुमानत नाही. हा टाइप टू. यांच्या शरीरात ते बनतच नाही. हा टाइप वन. तो मोठ्या वयातही होतो. तुमची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. यांच्याकडे सोडायला उरलंय काय? यांना ते रोज बाहेरूनच घ्यावं लागेल. नाहीतर या वेळी उठल्या, पुढच्या वेळी उठणार नाहीत."

जाऊ छताकडे बघत विचार करत होती. मग म्हणाली, "म्हंजे बाईच्या घरी हाका मारणारे बख्खळ, आयकणारं कोणी नाही. अन् माह्या घरी हाक मारणारंच कोणी नाही."

डॉक्टर हसले. तीही हसली. मी रिपोर्टाची घडी घालत राहिले.

आता तिच्या अंगावर मांस चढलं आहे आणि आवाज पूर्वीसारखा दोन घरं ओलांडून जातो. एकदा धीर करून मी विचारलं, "तुह्या जिवावर बेतलं होतं माह्यापायी. राग नाही येत तुले?"

"कायचा राग? मागतली मी, देल्ली तुम्ही. निम्मा दोष तुमचा, निम्मा माहा. घ्या, च्या घ्या."

रोज जेवणाआधी ती इन्सुलिनच्या पेनाची सुई पोटात टोचते आणि ती तशीच धरून तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजते. तेवढा वेळ मी समोर बसून असते. तिथे मला करण्यासारखं काही नसतं. तरी तिचं मोजून होईस्तोवर मी उठत नाही.