मेणाची वडी

दहावीच्या वर्गाला पेशीविभाजन शिकवताना मी दरवर्षी कांद्याची मुळं वापरतो. शाळेत तयार काचपट्ट्या आहेत, पण त्यांचा रंग उडून गेलाय. मुलांना त्यात पेशींपेक्षा धूळच जास्त दिसते. म्हणून मी पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवतो. काही दिवसांत खालून पांढरी मुळं सुटतात. सकाळच्या वेळी त्यांची टोकं कापायची, आम्लात थोडी गरम करायची, रंगात बुडवायची आणि काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायची. नशिबात असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एखादी पेशी अशी मिळते, की जिच्यात गुणसूत्रं मधोमध एका ओळीत उभी असतात, पुढच्या क्षणी दोन बाजूंना ओढली जाण्याच्या तयारीत. ज्याला ती दिसते तो ओरडतो, "सर, सापडली!" मग सगळा वर्ग त्या एका सूक्ष्मदर्शकावर कोसळतो.

हे कांदे माझ्या थोरल्या बहिणीच्या शेतातले असत. कळवणजवळच्या गावात ताईचं सासर. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला की एक गोणी माझ्याकडे नाशिकला यायची. ताई केमोसाठी आमच्या घरी राहायला आली, तेव्हाही गॅलरीत बाटल्यांची रांग लागलेली होती.

"हे काय रे भाऊ? कांद्याला पाणी पाजतोस?"

"शाळेसाठी आहे, ताई."

"चाळीत एखादा कांदा फुटलेला दिसला तर तुझे दाजी घर डोक्यावर घेतात. आणि तू मुद्दाम फोडतोस! त्यांना दाखवू नको हो, पुढच्या वर्षीची गोणी बंद होईल."

डोक्याला बांधलेला रुमाल सावरत ती हसली. मग खाली बसून एका बाटलीकडे बघत तिने विचारलं, "पोरं काय बघतात ह्याच्यात?"

"पेशी. एकीच्या दोन होताना."

"मग?"

"मग काही नाही. झाल्या दोन."

वर्गात मी तिथे थांबत नाही. तिथूनच खरा तास सुरू होतो. पेशीने कधी विभागायचं आणि कधी थांबायचं, याची आज्ञा तिच्या आतच असते. ती आज्ञा बिघडली की पेशी थांबत नाही, शेजारणींना जुमानत नाही, स्वतःची जागा सोडून दुसरीकडे घर करते. फळ्यावर मी 'कर्करोग' असा ठळक शब्द लिहितो आणि त्याखाली रेघ ओढतो. घरी तो शब्द नव्हता. घरी आम्ही 'ते' म्हणायचो. त्याचं औषध, त्याचा डॉक्टर. आणि ते कुठे झालं होतं, हे तर कुणीच बोलायचं नाही. ताईने मला फोनवर "काखेत गाठ आलीय" असं सांगितलं होतं. काख हा त्यातल्या त्यात सभ्य पत्ता होता. सस्तन प्राण्यांची लक्षणं शिकवताना मागच्या बाकावरचं फिदीफिदी हसणं मी एका नजरेत बंद करतो. पण दवाखान्यात ताईला तपासायला आत बोलावलं की मी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचो आणि माझी बायको तिच्याबरोबर आत जायची.

"तुमची बहीण आहे ती," बायको एकदा वैतागून म्हणाली. "डॉक्टर काय सांगतात ते तुम्हाला कळेल. मला निम्मं कळत नाही."

"तू जा. मी रिपोर्ट वाचीन."

रिपोर्ट मी वाचायचो, शब्दन् शब्द.

औषधांनी ताईचं तोंड सोललं. काही गिळवेना. बायको रात्री मनुका भिजत घालायची आणि सकाळी ताई त्या एकेक करून टाळूला लावून चिरडायची. एकदा तिने एक टम्म फुगलेली मनुका उजेडात धरली. "साल तर कुठं फाटलेली नाय. मग पाणी आत शिरलं कुठनं?" मी खुर्ची ओढून बसलो आणि बराच वेळ बोललो. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तो पाण्याला वाट देतो आणि साखरेला अडवतो, ज्या बाजूला साखर दाट त्या बाजूला पाणी जातं. ताई मन लावून ऐकत होती. "म्हंजे दारावर बसलेल्या सासूसारखं," ती म्हणाली. "कुणाला घ्यायचं, कुणाला नाय." आम्ही दोघंही हसलो. मनुकेपर्यंत मी तिला शास्त्र सांगू शकलो. त्याच्या पुढे एक पाऊलही नाही.

त्याच काळात माझ्या कपाटात एक प्लास्टिकची डबी होती. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून आम्ही प्रयोगशाळेतून ताईच्या गाठीच्या काचपट्ट्या आणि मेणाची वडी मागून आणली होती. गाठीचा तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर चिकटवतात. काम झाल्यावर डबी परत आली. डॉक्टर म्हणाले, "वडी टाकू नका. यांना मुलगी आहे ना? हे आईकडून मुलीत उतरू शकतं. तिचीही तपासणी करून घ्या. पुढे तिच्यासाठी ही उपयोगी पडू शकेल." मी मान डोलावली आणि डबी पुस्तकांच्या मागे ठेवली.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी त्यातली एक काचपट्टी प्रयोगशाळेत नेली. दार लावून घेतलं, भिंग जुळवलं. गुलाबी रंगात जांभळी केंद्रकं, वेडीवाकडी, एकमेकींवर चढलेली. मी पट्टी सरकवत गेलो, आणि एका ठिकाणी ती होती. गुणसूत्रं मधोमध, कांद्यात शोधून दमलो तरी मिळत नाही इतकी स्वच्छ. माझ्या तोंडून मोठ्याने शब्द गेला, "सापडली!"

रिकाम्या खोलीत तो आवाज मला ऐकू आला. ताई त्या वेळी माझ्या घरी, माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. आणि मी जे बघून खूश झालो होतो ते माझ्या बहिणीच्या अंगाचं होतं, जिथे भावाची नजर जात नाही तिथलं. काचपट्टी रुमालात गुंडाळून मी घरी आलो. त्या संध्याकाळी तिच्यासाठी पेज घेऊन गेलो तेव्हा माझी मान वर झाली नाही. "तुला बरं नाय का रे?" तिने मला विचारलं. तिने, मला.

पुढचा कांदा निघायच्या आत ताई गेली.

दशक्रियेला सगळे नाशिकलाच आले. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पिंड मांडले आणि कावळा शिवेना. ऊन चढत गेलं. दाजी हात जोडून एकेक वचन देत होते: तुझं घर नीट सांभाळीन, पोरीचं लगीन चांगल्या घरात लावीन. निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराचं स्थळ भाचीला आलेलं होतं, बोलणी बरीच पुढे गेली होती. कावळे घाटाच्या कठड्यावर बसून नुसते बघत होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे उठले. दाजी मात्र बसूनच राहिले.

दुपारी जेवणं झाल्यावर दाजी ताईच्या वस्तू पिशवीत भरत होते. फाइल काढायला त्यांनी कपाट उघडलं आणि पुस्तकांमागची डबी त्यांच्या हाताला लागली.

"मास्तर, हे काय हाय?"

मला काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. पण उत्तर तोंडून निघून गेलं. "ताईच्या गाठीचा तुकडा आहे, दाजी. मेणात घातलेला."

त्यांनी झाकण उघडलं. पिवळसर मेणाची चौकोनी वडी, साबणाच्या तुकड्याएवढी, आत कागदाची चिठ्ठी आणि एका बाजूला करडा डाग. ते त्या डागाकडे बघत राहिले.

"म्हंजे ही हिचीच?"

"हो."

"आपण जाळली ती सगळी नव्हती?"

मी डबीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती मागे घेतली.

"आन् मी तिथं येड्यावानी बोलत बसलो, कावळा का शिवत नाय म्हणून. कसा शिवंल? बाई तुमच्या कपाटात!" त्यांचा आवाज चढला तशी स्वयंपाकघरातली भांडी थांबली. "आजच्या आज गंगेत सोडायची. काचा राहू द्या, कुणाच्या पायात जातील. मेण द्या मला."

"दाजी, डॉक्टर म्हणाले होते, पोरीची तपासणी करताना..."

"पोरीचं नाव काढू नका! निफाडकरांच्या कानावर गेलं तर लगीन मोडंल तिचं. तिला काय बी झालेलं नाय."

तिला काही झालेलं नसेलही. पण ते कळायचा एकच मार्ग होता आणि त्यासाठी कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. मी तसं म्हणालो असतो तर शास्त्र माझ्या बाजूने होतं. पण डबी त्यांच्या हातात होती, आणि तिच्यातल्या काचपट्टीकडे बघून मी काय ओरडलो होतो ते मला आठवत होतं. कुठल्या तोंडाने वाद घालणार? मी म्हणालो, "चला."

भाची चपला घालून दारात उभीच होती. "मी पण येते, आप्पा." दाजी नको म्हणाले. ती आलीच.

संध्याकाळी घाटावर गर्दी असते. बाहेरगावची माणसं आंघोळी करत होती. दाजींनी वडीला हळदकुंकू लावलं, फुलं घेतली, धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि डोळे मिटून हात सोडला.

वडी तरंगली.

फुलांच्या मधोमध ती पिवळसर वडी डुलत होती. दाजींनी डोळे उघडले, तिला दोन बोटांनी खाली दाबलं. ती टुणकन वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. शेजारी आंघोळ करणाऱ्या एका माणसाने विचारलं, "काका, साबण पडला का तुमचा?" वडी पुढे निघाली तसे दाजी कमरेइतक्या पाण्यात तिच्या मागे गेले, दोन्ही हातांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि तसेच निथळत पायऱ्यांवर आले.

"नाय जात ती," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "जीव अडकलाय तिचा. पोरीतच अडकला असंल, दुसरं काय?" त्यांनी वडी माझ्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा. आन् हिला दाखवा डॉक्टरला. निफाडकरांचं मी बघतो."

मेण पाण्यावर तरंगतं, हे माझ्या शाळेतलं कुठलंही पोर सांगेल. मी ते सांगितलं नाही. दाजी धोतर पिळायला पलीकडे गेले. भाची माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"मामा, मेण तरंगतंच ना?"

"तरंगतं."

"मग आप्पांना सांगितलं नाही तुम्ही."

"नाही."

"बरं केलं." तिने पायरीवरचं एक फूल पाण्यात ढकललं. "आईला दिवाळीतच कळलं होतं, मामा. मला सांगितलं होतं तिने. भाऊबीजेला आम्ही तुमच्याकडे आलो ना, ती तुम्हाला सांगायलाच आली होती. तुम्ही दवाखान्यात न्याल म्हणून."

मला ती भाऊबीज आठवली. ताईने ओवाळलं, करंज्या दिल्या, गॅलरीत उभी राहून उगाच माझ्या शाळेची चौकशी केली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली.

"मग बोलली का नाही?"

"बसमध्ये मी पण तेच विचारलं. म्हणाली, भावाला कसं सांगायचं गं असलं? तो आधीच लाजरा आहे, त्याला किती अवघड होईल." भाचीने माझ्याकडे बघितलं नाही. "मग होळीनंतर काखेत लागायला लागलं, तेव्हा सांगता आलं तिला. काखेतलं म्हणून."

दिवाळी ते होळी. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, हे मी फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहितो, जागा संपते तेव्हा मुलं हसतात. ते दिवस ताईने माझी लाज राखण्यात घालवले होते. रिपोर्टातला शब्दन् शब्द वाचणाऱ्या भावाला एक शब्द ऐकवत नाही, हे तिला आधीपासून माहीत होतं.

वडी माझ्या मुठीत ओली होती. हळदकुंकू विरघळून बोटांना लागलं होतं.

"उद्या तू गावी जाऊ नकोस," मी म्हणालो. "आपण दवाखान्यात जाऊ. मामी तुझ्याबरोबर येईल. पण डॉक्टरांशी मी बोलेन. आत येऊन."

"काय सांगाल?"

आरतीच्या घंटा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं. "हिच्या आईला, माझ्या बहिणीला, स्तनाचा कॅन्सर होता, असं सांगेन."

खालच्या पायरीवरच्या एका बाईने वळून आमच्याकडे बघितलं. माझे कान तापले. भाचीचं तोंडही लाल झालं होतं, पण ती उठून गेली नाही. तिने आपला रुमाल काढून माझ्यापुढे धरला आणि मी वडी पुसून त्यात ठेवली.