वासुआ दाखवला तो दिवस

म्हाताऱ्या प्रमुखाला माती देऊन उद्या शंभर दिवस होणार होते. त्याच्या मानाखातर बेटावरच्या या गावाचा प्रवाळखडक तेव्हापासून बंद होता. ना जाळं, ना गळ. उद्या तो उघडणार आणि पंगतीसाठी अख्खं गाव पाण्यात उतरणार. आकानिसीचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता.

"पायाला भिंगरी लागलीय का गं?" तिची जाऊ वासेमाथा दारातून ओरडली. "पाहुणीला फिरवायला निघालीस की पळवायला?"

आकानिसी किनारवाटेची वाटाडी होती. आजची पाहुणी हेदर, सिडनीची निवृत्त मास्तरीण, गुडघे दुखत असूनही हसत होती. दोन ओढे ओलांडून, काळ्या दगडांवरून घसरत दोघी किनाऱ्याच्या टोकापलीकडे पोचल्या, तोंडाला नळी लावून पाण्यात उतरल्या.

तिथेच होता आकानिसीचा वासुआ. हातभर रुंद शिंपला, निळ्या मांसल ओठांचा. एकेकाळी हे वासुआ खोऱ्याने होते. तिनेच जावांबरोबर ते उपटून बाजारात विकले, शेवटच्यापर्यंत. पुढे एका तुफानानंतर हा सापडला तेव्हा तळहाताएवढा होता. अकरा वर्षं तिने गावात चकार शब्द काढला नाही. आणि या महिन्यात त्याच्या शेजारी अंगठ्याएवढी दोन पिल्लं चिकटलेली दिसली होती!

एवढा आनंद एकटीने किती दिवस गिळायचा? परकी बाई, उद्या पंगत जेवून निघून जाईल, असं म्हणून तिने हेदरचा हात धरला आणि वासुआ दाखवला. पिल्लं मात्र दाखवली नाहीत.

परतताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "बाई, हे कुणाला बोलू नका हं," तिने तीनदा बजावलं. हेदरने तिन्ही वेळा मान डोलावली.

संध्याकाळी पाहुणीच्या निरोपाला यांगोनाची, गुंगी आणणाऱ्या मुळीच्या पेयाची, करवंटी फिरली. दोन करवंट्या पोटात गेल्यावर हेदरला भरून आलं. आपल्या वाटाडीचं कौतुक व्हावं एवढीच तिची इच्छा. "आकानिसीने मला केवढा मोठा वासुआ दाखवला! असं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नाही."

आकानिसीने हातात आलेली करवंटी तशीच पुढे दिली. पाहुण्याने नावाजलेली वस्तू त्याच्या पुढ्यात ठेवायची, ही इथली रीत. हेदरला ती कुठून ठाऊक असणार?

"आवडला ना? मग उद्या तुमच्या पानात तोच!" नवा प्रमुख खूष होऊन म्हणाला. "अगं आकानिसी, आणि आम्हाला पत्ता नाही? आहेस खरी पक्की!"

सगळे हसले. हेदर तेवढी पांढरीफटक पडली.

"मी दाखवतो पोरांना, कुठल्या बाजूला आहे सांग," वासेमाथाचा नवरा उठू लागला.

"बसा भावोजी," आकानिसी म्हणाली. शेजारची दोन पिल्लं अजून कुणाला ठाऊक नव्हती. "पहाटे मीच कापून आणते. तिकडे दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही."