सायलेन्सरला गुंडाळलेली दोरी

दादाच्या पिकअपचा सायलेन्सर पवईच्या उतारावर गळून पडला, तेव्हा तो गवत घेऊन आरेतल्या तबेल्यांकडे निघाला होता. पडलेला सायलेन्सर त्याने गोणपाटात गुंडाळून गवतावर टाकला आणि गाडी तशीच पुढे नेली. गाडी आत शिरताच म्हशींनी दावी ताणली. आवाजाने म्हशी पान्हा चोरतील म्हणून तबेलेवाला ओरडत आला, "गाडी बाहर ले जाओ, भैंस दूध चढा लेगी!" संध्याकाळी दादा घरी हे सांगत होता आणि वहिनी हसत होती.

"म्हशींची बघा किती काळजी," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय, माझ्यासाठी कोण ओरडलं नाही."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दादा, वहिनी आणि मी, अशी तिघं आम्ही भांडुपच्या टेकडीवर दोन खोल्यांत राहायचो. त्यांना मूल नव्हतं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, आयटीआयला घातलं. गिरण्यांचा संप झाला, आणि त्याची गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला आत घेतलं नाही. मग त्याने ही जुनी पिकअप घेतली. तोवर मला कारखान्यात नोकरी लागली होती. घरात पगार माझा येत होता, तरी घरातली प्रत्येक गोष्ट उभी राहायची ती दादाच्या हाताने. एकदा तरी मला त्याच्या उपयोगी पडायचं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

कंपनीचा सायलेन्सर झेपण्यासारखा नव्हता. दादाने कुर्ल्याच्या भंगार गल्लीतून बाहेरच्या बनावटीचा आणला. नवा होता, काळा रंग दिलेला, पण माप दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं. रविवारी सकाळी चाळीखालच्या मोकळ्या जागेत आम्ही गाडीची पुढची चाकं लाद्यांच्या दोन थप्प्यांवर चढवली, मागच्या चाकांना धोंडे लावले आणि गोणपाटावर पाठ टेकून खाली सरकलो. जुन्या पाइपाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. आदल्या दिवशी रॉकेल सोडून ठेवलं होतं, तरी हलेनात.

"जोर लाव रे. कारखान्यात काय झोपा काढतोस?"

"पाना घसरतोय, दादा."

"पाना नाही, तू घसरतोयस."

शेवटी छिन्नीने बोल्टांची डोकी उडवली. नव्या पाइपाचं तोंड जुळेना, तेव्हा मध्ये पत्र्याची पट्टी घालून क्लॅम्प आवळला. मागची बाजू टांगायला रबर नव्हतं. दादाने जुन्या टायरचा तुकडा कापला, त्याला भोकं पाडली आणि त्यावर सायलेन्सर लटकवला. दुपारी गाडी सुरू केली तर आवाज इतका मऊ, की त्याला खरं वाटेना. दोनदा रेस करून बघितली. "झकास!" म्हणाला, आणि आम्ही मुलुंडपर्यंत चक्कर मारून आलो.

परतलो तेव्हा त्याची स्लिपर पायाखालच्या पत्र्याला चिकटली होती. मापाचा नसल्यामुळे पाइप पत्र्याच्या अगदी जवळून गेला होता, आणि पत्रा तव्यासारखा तापला होता.

"वाट लागली," विडी पेटवत दादा म्हणाला.

"पाय भाजून घ्यायचे की म्हशी भडकवायच्या, काय ते एकदाचं ठरवा," वहिनी म्हणाली.

तेव्हा मी बोललो. "दादा, मी आणतो. आमच्या कारखान्यात दोरी असते, भट्टीला गुंडाळतात ती. जळत नाही, गरम होत नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं. "खरंच? मग आण की रे!" त्या बघण्यासाठी मी काहीही आणलं असतं.

ती दोरी ॲस्बेस्टॉसची. मी पॅकिंगला होतो. पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका जुन्या कामगाराने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुक्या दोरीला हात लावायचा नाही. आधी पाणी मार. हिची धूळ छातीत जाऊन बसते, ती उठत नाही." तो स्वतः बोलता बोलता थांबून श्वास घ्यायचा. फोरमनसुद्धा यावरूनच शिव्या द्यायचा. म्हणजे मला माहीत होतं. ऐकीव नव्हे, चांगलं माहीत होतं.

आठवडाभर मी कापलेली टोकं शर्टाखाली कंबरेला गुंडाळून घरी आणली. पुढच्या रविवारी पुन्हा गाडीखाली गेलो. पण चासी आणि पाइप यांच्यामधल्या फटीत ना दादाचा पंजा जाईना, ना माझा. वहिनी वर उभी राहून बघत होती.

"सरका ओ भावजी," ती म्हणाली. "तुमचे हात म्हणजे पाटे. मी करते."

तिने पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि गोणपाटावर आडवी झाली. चाळीतल्या बायका गॅलरीतून ओरडल्या, "काय गं, मेकॅनिक झालीस?" ती खालूनच म्हणाली, "पुढच्या वेळेला तुझा नवरा घेऊन ये, त्यालापण गुंडाळते."

दादाने मला विचारलं, "ही भिजवायची असते का रे?"

मी म्हणालो, "नको. सुकीच बरी बसते."

इतकी वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो, की मी हे पाण्यामुळे म्हणालो. नळ टेकडीच्या पायथ्याला होता, पहाटे तासभर यायचा, आणि हंडे वहिनीच वर आणायची. त्यातलं बादलीभर पाणी दोरीवर कसं ओतायचं? ऐकायला बरं वाटतं. पण ते खरं नाही. भिजवायची म्हटलं असतं तर दादाने विचारलं असतं, का? मग धुळीचं सांगावं लागलं असतं. आणि दादाने ती दोरी तिथल्या तिथे गटारात टाकली असती. मी त्याच्यासाठी आणलेली एकमेव गोष्ट.

वहिनी बाहेर आली तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरी लव बसली होती. "बघा, म्हातारी झाले," ती म्हणाली. "आता मला सासूचा मान द्या." मग तिने केरसुणी घेतली आणि जमिनीवर पडलेली धूळ झाडून एका बाजूला केली. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. हे मला नीट आठवतं. मी दुसऱ्या बाजूला गेलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं. पण पत्रा गार राहिला. तबेल्यांवर येणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्यांनी बघितलं, आणि रविवारी आमच्या चाळीखाली गाड्या यायला लागल्या. कोणाचा सायलेन्सर बदलायचा, कोणाचा नुसता गुंडाळायचा. दादा फिट करायचा, वहिनी गुंडाळायची, दोरी मी आणायचो. असं चार वर्षं चाललं. वहिनीचा हात इतका बसला, की दोरीचे वेढे एकावर एक अर्धे चढवून ती वेणी घालावी तशी गुंडाळायची. उरलेल्या तुकड्यांची तिने भांडी उतरायची फडकी शिवली. ती झटकताना मी बघायचो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. आणि दर वेळी वाटायचं, आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं?

त्याच वर्षांत कारखान्याने आमच्या छातीचे फोटो काढायला सुरुवात केली. दर वर्षी माझा फोटो स्वच्छ यायचा. मी तो घरी आणून दाखवायचो, आणि वहिनी देवापुढे साखर ठेवायची.

पुढे दादाने गाडी विकली, आणि दोरीचं नावही घरात राहिलं नाही. वीस वर्षं गेली. मग वहिनीला जिना चढताना धाप लागायला लागली. फुफ्फुसाच्या बाजूला पाणी झालं होतं. हॉस्पिटलात डॉक्टर बाईंनी विचारलं, "यांनी कधी धुळीत काम केलंय? गिरणीत, खाणीत, पत्र्याच्या कारखान्यात?"

दादा म्हणाला, "नाही हो. ही घरातच. गिरणीत मी होतो."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेऊन येतो."

टीबी धरून औषधं सुरू झाली. सहा महिने ती सकाळी गोळ्या घ्यायची आणि दुपारपर्यंत ओकायची. मी बादली धरायचो. सातव्या महिन्यात सुईने तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टर बाईंनी आम्हाला फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचं नाव सांगितलं. ते दादाला उच्चारता येईना. त्या दिवशी मी परत एकटाच वर गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"दोरी ओली होती की सुकी?"

"सुकी."

त्यांनी तेही लिहिलं. "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी त्या बऱ्या झाल्या असत्या असं नाही," त्या म्हणाल्या. "पण या गोळ्या दिल्या नसत्या."

त्यानंतर मी वहिनीला सांगितलं. दादा औषधं आणायला गेला होता. ती उशांना टेकून बसली होती, कारण आडवं होता येत नव्हतं. मी धुळीचं सांगितलं, जुन्या कामगाराचं सांगितलं, सुकी बरी बसते म्हणालो ते सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. मला वाटलं, बहुतेक तिला समजलं नाही.

मग श्वास गोळा करत म्हणाली, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका." परत थांबली. "मी गेल्यावर तुम्ही दोघंच राहणार. तुमच्याशी बोलले नाहीत तर ते कोणाशी बोलणार ओ?"

मी हो म्हणालो. पुढच्या महिन्यात ती गेली.

ते हो मी चार वर्षं पाळलं. पाळायला सोपं जाईल असं वाटलं होतं, कारण गप्प बसायची मला सवयच. पण तेराव्या दिवशी दादाने विडी सोडली, आणि तेव्हापासून येईल त्याला सांगायला लागला, "माझ्या धुराने गेली ती. बंद खोलीत ओढायचो ना मी." पाहुण्यांना सांगायचा, वाण्याला सांगायचा, बाकावर बसलेल्या परक्या माणसालाही सांगायचा. तिच्या फोटोसमोर बसून स्वतःला थोबाडीत मारून घेताना मी त्याला दोनदा पाहिलं. मी म्हणायचो, "विडीने हे होत नाही, दादा. डॉक्टरांनी सांगितलं ना." तो म्हणायचा, "तू माझी समजूत काढतोस. चांगला आहेस रे तू."

गेल्या महिन्यात तो हे पुन्हा म्हणाला. चांगला आहेस रे तू. आणि मी सांगून टाकलं. सगळं, पहिल्या रविवारपासून.

तो चिडेल, उठून मारेल, घरातून जा म्हणेल, असं मी धरून चाललो होतो. खरं तर तीच आशा होती. त्याने एवढंच विचारलं, "तिला माहीत होतं?"

"शेवटी मी सांगितलं होतं तिला."

"आणि तिने मला नाही सांगितलं."

"तीच म्हणाली, त्यांना सांगू नका."

"म्हणजे तुमचं दोघांचं ठरलं होतं," तो म्हणाला. "मी रोज तिचं अंग पुसायचो. आणि तुमचं ठरलं होतं."

मला वाटलं होतं, त्याच्यावरचं खोटं ओझं तरी उतरेल. ते उतरलं, पण त्याबरोबर वहिनीही त्याच्यापासून गेली. आता तो तिच्या फोटोसमोर बसत नाही. मी वाढतो, तो जेवतो. ताट स्वतः धुतो. विडीचं कोणाला सांगत नाही, कशाचंच सांगत नाही. काल मला राहवलं नाही. म्हणालो, "दादा, शिव्या दे, पण काहीतरी बोल ना."

त्याने ताट पालथं घातलं, हात पुसले.

"तू बोललास ना," तो म्हणाला. "झालं की."