मीनलचा सत्कार आणि कार्तिकातलं उज्जैन

उज्जैनहून त्या आठवड्यात माझ्या नावाने तीन गोष्टी आल्या. सोमवारी एक लांब पाकीट, वर एक रुपयाचं तिकीट. आत तिथल्या नगरपालिकेची छापील निमंत्रणपत्रिका आणि कोपऱ्यात निळ्या शाईने, ‘आत्या, तू यायचंच. मीनल.’ बुधवारी दादाचं इनलँड, पंचाहत्तर पैसे. आणि गुरुवारी ओळखीच्या गार्डसाहेबांच्या हाती वहिनीने धाडलेली अर्धा किलो शेव, खर्च काही नाही.

नगरपालिका दरवर्षी शहरात चांगलं काम करणाऱ्यांचा आणि गुणी मुलामुलींचा सत्कार करायची. त्या वर्षीच्या यादीत दादाच्या मीनलचं नाव होतं. घाटावर बुडणाऱ्या बायकांना वाचवणाऱ्या मुलींच्या टोळीत ती होती म्हणे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दादाच्या इनलँडमध्ये मात्र वेगळाच मजकूर. ‘शालू, तू ये आणि तिला समजाव. मंचावर गेली की पेपरात फोटो येणार. मुलगी ओल्या कपड्यांत नदीत उभी असते, हे अकोल्याला कळलं तर बात संपली.’

अकोल्याची बात म्हणजे मीनलचं स्थळ, आणि ते मी आणलेलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, पत्रिका जुळलेली. मुलाच्या आईला मीच सांगितलं होतं की आमची मीनल शांत आहे, स्वयंपाकात हुशार आहे, घराबाहेर फारशी पडत नाही. तेव्हा जाणं भागच होतं.

हे सगळं नव्वदनंतरच्या त्या वर्षांतलं. गल्लोगल्ली पिवळे एस.टी.डी. बूथ झाले होते, घरोघरी केबलच्या तारा आल्या होत्या. आता सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही उज्जैनचं नेहमी सांगता, एकदा लिहा, मी ब्लॉगवर टाकते. म्हणून लिहिते आहे. कोणाला जायचं असेल तर वाटेची माहितीही देते, पण ती गाडी आता त्या रूपात राहिलेली नाही.

आमचे हे रेल्वेत, त्यामुळे भुसावळपासून पास होता. सकाळी खांडव्याला उतरले आणि तिथून छोट्या लाइनची पॅसेंजर धरली. ती गाडी इंदूरला जायला अख्खा दिवस खायची, पण असा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. नर्मदेच्या पुलावर सगळा डबा उठून उभा राहिला. बायकांनी पदराच्या गाठी सोडून पैसे वाहिले, मीही चार आणे वाहिले आणि मीनलच्या लग्नाचं तेवढं मार्गी लाव म्हणून हात जोडले. पुढे चढ लागतो, मागून दुसरं इंजिन जोडतात. कालाकुंड स्टेशनवर पानाच्या द्रोणातला कलाकंद मिळायचा, पाच रुपयांना. एकटीसाठी पाच रुपये जास्त वाटले, म्हणून समोरच्या मास्तरीणबाईंशी निम्मा केला. त्यांना वाटेत सगळी हकिगत सांगून झाली. त्या म्हणाल्या, आपण मुलींना पोहायला शिकवत नाही आणि मग नदीला नावं ठेवतो. मी विषय बदलला.

इंदूरहून बसने दीड तास, तिकीट पंधरा. उज्जैनच्या स्टँडवर, म्हणजे देवास गेटला, उतरलं की टेंपोवाले पिशवी हातातून ओढून घेतात, ती सोडू नये. सहा आसनांच्या टेंपोत दहा जणं बसतात आणि दोन रुपयांत दादाच्या भागात, फ्रीगंजला पोचवतात.

दादाचं घर बँकेच्या क्वार्टर्समध्ये. वहिनीने दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे, केले होते. बाफल्यावर तूप वाढताना ती हलकेच म्हणाली, “वन्सं, तुम्ही आलात, आता मला बोलावं नाही लागणार.” तिला नेमकं कोणाच्या बाजूने बोलायचं होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. दादा जेवताना एकदाच बोलला. मीनलला नव्हे, मला. “उद्या तू तिच्याबरोबर जाऊन ये. बघ काय चालतं ते. मग बोल.”

दुसरा दिवस. कार्तिकस्नान करायचंच होतं. पहाटे साडेचारला मीनल मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघाली. मी नको नको म्हणत होते, पण ती म्हणाली, रिक्षावाला या वेळी बारा रुपये मागेल, आणि मी कॅरिअर घट्ट धरून बसले. राम घाटावर तेव्हाच दिवे लागलेले, पंडे छत्र्यांखाली गंध उगाळत बसलेले. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांची गर्दी, डोक्यावर गाठोडी, हातात द्रोणातले दिवे. पाण्यावरून गार वाफ येत होती. घाटावर जाणाऱ्यांना माझं एक सांगणं, स्नानाला जुनी सुती साडी नेसा. नवी सिंथेटिक पायाला चिकटते.

माझ्या आधी मीनल पाण्यात उतरली होती. सलवार-कुडता, वर जाड स्वेटर, वेणी डोक्याभोवती बांधलेली. तशाच आणखी चार मुली प्रवाहाच्या खालच्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात, एका रांगेत उभ्या. बायका वर बुड्या मारत होत्या आणि या पाच जणी काही न बोलता त्यांच्याकडे तोंड करून उभ्या. मीनल मला म्हणाली, “आत्या, अंबाडा घट्ट बांध. सैल नको ठेवूस.”

मला वाटलं, केस ओले होतील म्हणून सांगते आहे. मी बांधला. तीन बुड्या घेतल्या, सूर्याला अर्घ्य दिलं. तेवढ्यात माझ्या शेजारची एक म्हातारी, लाल लुगड्यातली, शेवाळावरून घसरली आणि दिसेनाशी झाली. कोणी ओरडलंसुद्धा नाही, इतकं ते पटकन झालं. मीनल दोन हात मारून पुढे आली, पाण्यात हात घातला आणि म्हातारीला अंबाड्याला धरून वर काढलं. पायरीवर बसवलं. म्हातारी खोकली, थुंकली आणि मीनलवरच उखडली. “छोरी, बाल क्यूँ खींच्या? म्हारा तो अभी दो ज गोता हुया था.” तिला पाच बुड्या पुऱ्या करायच्या होत्या. मीनलने तिचा हात धरून उरलेल्या तीन करवून घेतल्या. म्हातारी मोजत होती, मीनलही मोजत होती.

कपडे बदलून आम्ही पायऱ्यांवर बसलो. पोहे-जलेबी घेतली, दोघींत मिळून सहा रुपये, उज्जैनला गेलात तर सकाळी दुसरं काही खाऊ नका. मी विचारलं, बिचारीला केसांना का धरलंस, हाताला धरायचं.

“हात सटकतो. आणि पदर धरला तर पदर हाती राहतो नि बाई जाते,” मीनल म्हणाली. मग तिने समोरच्या घरातल्या भाभीचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत भाभी वाहून चालल्या. घाटावरचे पुरुष चांगले पोहणारे होते, पण बाईच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून त्यांनी साडी धरली. साडी हाती राहिली. मीनल तेव्हा पायरीवर भाभींचे कपडे सांभाळत बसली होती. त्यानंतर पाच जणींनी मिळून एका म्हाताऱ्या नाववाल्याकडून पोहणं शिकून घेतलं. वहिनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दादाला वर्षभराने कळलं.

मी भाऊ सांगेल ते करायला आले होते, म्हणून सुरुवात केली. अकोल्याचे लोक चांगले आहेत, असं स्थळ पुन्हा येत नाही, एका शालीसाठी कशाला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “आत्या, शाल-नारळाची मला काही पडली नाही. तू बोल ना, नको जाऊस, मी नाही जाणार. बाकीच्या चौघी जातील. पण उद्या सकाळी मी इथे येणार. मग लग्नानंतर ते अकोलेवाल्यांना कळेल, तेव्हा खोटी मी पडेन का तू?”

मी द्रोण चाटूनपुसून संपवला आणि ओल्या साडीची पिशवी उचलली.

दुपारी महाकालाचं दर्शन झालं. रांग दीड तास, चप्पल बाहेर ठेवायला चार आणे. तिथून टेंपोने भैरवगढला गेलो. लाकडी ठशांनी चादरी छापतात ते बघायला. एक वयस्कर छपाईवाले वाकून ठसा मारत होते, लाल-काळा बुट्टा एका रेषेत उमटत होता. त्यांनी मीनलला ओळखलं. संध्याकाळच्या सत्काराच्या यादीत त्यांचंही नाव होतं. म्हणाले, चाळीस वर्षं छापतोय, बोलावणं पहिल्यांदा आलं, बिटिया, तू भी आना. मी एक पलंगपोस घेतला, नव्वद रुपयांचा सत्तरला. अजून वापरात आहे, रंग गेलेला नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. शाळेत पहिले आलेले, कुस्तीत पदक मिळवलेला, गल्ली स्वच्छ ठेवणाऱ्या मोहल्ल्यातले लोक, भैरवगढचे छपाईवाले इस्त्रीच्या कुडत्यात. प्रत्येक मुलाला आईवडिलांबरोबर वर बोलावत होते. दादा शेजाऱ्यांच्या आग्रहाने आला होता, पण सगळ्यात मागच्या रांगेत बसला. मी आणि मीनल मध्ये, वहिनी माझ्या पलीकडे. भाषणं लांबत होती आणि मी मनात देवाला म्हणत होते, माझ्यावर हे का टाकलंस.

मुलींची नावं पुकारली गेली. चार जणी गेल्या. मग माइकवरून आवाज आला, “कुमारी मीनल, अपने पिताजी के साथ मंच पर पधारें.”

मीनल उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी मागे वळून दादाकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. पुन्हा नाव पुकारलं. वहिनी हलके म्हणाली, “वन्सं, जा ना.”

मी म्हटलं, “ऊठ.” आणि तिचा हात धरून चालू लागले.

मंचावर शाल, नारळ, प्रमाणपत्र. फोटोवाल्याने दोनदा दिवा चमकवला. नगराध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, माताजी हैं क्या? मी म्हटलं, बुआ हूँ, भुसावल से आई हूँ. तर ते म्हणाले, इतनी दूर से आईं, दो शब्द कहिए, आणि माइक माझ्यासमोर धरला. आयुष्यात मी आरतीच्या पलीकडे चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. जे मनात होतं तेच आलं.

“इसका रिश्ता अकोला में चल रहा है. लगाया मैंने ही है. लड़केवालों को मैंने बताया था कि लड़की खाना अच्छा बनाती है और घर से निकलती नहीं. वो झूठ हुआ. जो सच है वो मुझे आज सुबह मालूम पड़ा. अब घर जाकर वही लिखूँगी.”

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. घाटावर येणाऱ्या बायका बसल्या होत्या, त्या थांबेचनात. खाली आले तेव्हा मागच्या रांगेत दादाची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी तो मला बसपर्यंत सोडायला आला. पिशवी वर ठेवली, खिडकीशी उभा राहिला. बस सुटताना एवढंच म्हणाला, “मुलगी माझी आहे, शालू.” मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार. त्या वेळी मला खरंच वाटलं की मी माझ्या तोंडच्या शब्दापायी त्याच्या मुलीचं घर मोडून आले.

घरी येऊन पहिलं काम केलं ते अकोल्याला पत्र. सगळं लिहिलं. म्हातारीचं, अंबाड्याचं, सकाळी पाच मुली पाण्यात कशा उभ्या राहतात त्याचं. हे म्हणाले, एवढं लिहायची गरज होती का. दहा दिवसांनी उत्तर आलं. पत्रिका पुन्हा दाखवली, ती जुळत नाही, क्षमस्व. आधी सव्वीस गुण जुळले होते. मी ते पत्र देवासमोर ठेवलं आणि रडले. त्या वर्षी दादाचं एकही पत्र आलं नाही, आणि पुढच्या भाऊबीजेला मी पाट मांडून बसले, तरी तो आला नाही.

मग कार्तिकात वहिनीचं कार्ड आलं. ‘हे हल्ली पहाटे मीनलबरोबर घाटावर जातात. पायरीवर टॉवेल घेऊन उभे राहतात. कोणाशी बोलत नाहीत.’ त्याच्या पुढच्या भाऊबीजेला दादा आला. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलला नाही, मीही काढलं नाही. ओवाळून झाल्यावर त्याने ताटात भैरवगढची साडी ठेवली.

मीनलचं लग्न चार वर्षांनी झालं, देवासच्या एका शिक्षकाशी. त्याने मुलगी आधी घाटावर पाहिली, पोहे-चहाच्या कार्यक्रमात नंतर. ती तिथल्या शाळेत खेळांची बाई झाली, आता निवृत्तीला आली आहे. दादा गेला. तिच्याबरोबरच्या मुली लग्न होऊन पांगल्या. अकोल्याच्या घराचं पुढे काय झालं मला माहीत नाही, त्यांचा मी कधी राग केला नाही. त्यांना जशी सून हवी होती तशी मीच तर सांगितली होती.

इतकी तीर्थं झाली, पण डोळे मिटले की मला देवळाचं शिखर दिसत नाही. पहाटेचं काळं पाणी दिसतं आणि त्यात प्रवाहाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या पोरी. माझे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नाहीत. तुमच्यापैकी कोणी कार्तिकात उज्जैनला गेलात, तर स्नान झाल्यावर जरा खालच्या अंगाला बघा. तिथे अजून मुली उभ्या असतात का, किती असतात, आणि विचारायला जमलं तर त्यांची नावं काय. ब्लॉगखाली लोक लिहितात ते मला संगणकावर उघडून वाचता येत नाही, पत्ता मागितलात तर सूनबाई देईल. साधं कार्ड पुरे, पण उलट टपाली कळवा.