मधात बोलू नका

माणसाच्या हाती बोलायचं यंत्र देण्याआधी त्याची रीतसर परीक्षा घेतली पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अकोल्याला मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात राहतात. सगळी नोकरी त्यांनी एका धरणावरच्या वायरलेसच्या खोलीत केली. निवृत्त झाले तेव्हा खात्याने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी निमूट घेतलं आणि पुढच्याच महिन्यात स्वतःसाठी वॉकीटॉकीचे चार सेट मागवले. "मोबाइलवर लोक बोलत नाई सर, निस्ते भुंकतात," ते मला म्हणाले. मी अमरावतीला कॉलेजात शिकवायचो, म्हणून मी त्यांचा कायमचा 'सर'.

सेटवर कसं बोलावं याचे त्यांचे नियम होते. आधी "बोलू का?" असं विचारायचं, कारण समोरचा माणूस जेवत असेल, पूजेत असेल, किंवा नुसताच खिन्न बसला असेल. बटण दाबलं की एक श्वास थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. चारचौघांत आवाज बारीक ठेवायचा. घरातलं भांडण सेटवर काढायचं नाही, "हवा सगळ्यायची असते." वाईट बातमी सेटवर द्यायची नाही, ती जवळ जाऊनच द्यायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, समोरचा 'ओव्हर', म्हणजे 'माझं झालं', म्हणत नाही तोवर बटणाला बोट लावायचं नाही.

हा शेवटचा नियम कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, धरणाचं पाणी सोडायचं होतं त्या दिवशी, कुणाचा तरी सेट टेबलावर असा ठेवला गेला की बटण चहाच्या डब्याखाली दाबलेलंच राहिलं. त्या दाबलेल्या बटणापुढे बाकी सगळे सेट मुके झाले. खाली नदीत माणूस आहे, पाणी थांबवा, असं एक चौकीदार जिवाच्या आकांताने सांगत होता. बाकीच्या सेटांवर मात्र त्या खोलीतला पंखा आणि कुणाचं तरी खोकणं एवढंच ऐकू येत होतं. नदीतला तो माणूस आणि त्याचे दोन्ही बैल खाली दुसऱ्या गावाच्या बंधाऱ्याला अडकलेले सापडले. "त्याचं बोलनं हवेत होतं सर," साडू म्हणाले, "आमीच जागा देल्ली नाई." मग उठून त्यांनी विनाकारण सेटच्या बॅटऱ्या बदलल्या.

एवढं असूनही गंमत अशी, की सेटवर ऋषीसारखा संयम पाळणारा हा माणूस सेट खाली ठेवला की कुणालाही वाक्य पुरं करू देत नसे. प्रश्न अर्धा झाला की यांचं उत्तर तयार. दर्यापूरच्या एका लग्नात नवरदेवाला नाव घ्यायला सांगितलं. तो लाजून अडखळला, तर यांनीच ते घेऊन टाकलं, आणि नवरी मांडवात रडायला लागली. ताईंना म्हणजे त्यांच्या बायकोला तर बोलायची संधी जवळजवळ नव्हतीच. त्यांना काय आवडतं, त्या कशाने थकतात, त्यांना भाजी तिखट हवी की सौम्य, हे सगळं साडू सांगत आणि ताई पदर सावरत हसत.

मग ताईंना कॅन्सर झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं?" साडू म्हणाले, "डाव्या बाजूले, खाली, रात्रभर." डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पेशंट नक्की कोण आहे?" ही हकिगत साडू स्वतःच हसत हसत सांगायचे. ताईही हसायच्या, पण केस गेल्यामुळे बांधलेला रुमाल त्यांच्या कपाळावरून पुढे सरकायचा आणि आम्हाला हसणं जड जायचं.

पहिले उपचार संपले आणि दुसरे सुरू होण्याआधी डॉक्टरांनी थोडे दिवस सुट्टी दिली. समुद्र पाहायचा, असं ताई एकदा बोलून गेल्या होत्या. साडूंनी तेवढंच धरलं आणि मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची आम्हा चौघांची व्यवस्था करून टाकली. परतल्यावर बंदरावरूनच थेट दवाखान्यात भरती व्हायचं, पुण्याहून मुलगा गाडी घेऊन येणार, असं सगळं त्यांनी ठरवलं होतं. ताईंना विचारलं नव्हतं. समुद्रात मोबाइलला रेंज नसते हे कळल्यावर तर त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की जणू हे जहाज त्यांच्या सेटसाठीच बांधलं होतं.

तपासणीच्या जागी त्यांनी चारही सेट स्वतःहून ट्रेमध्ये काढून ठेवले आणि वापरायची परवानगी मागितली. तिथला अधिकारी म्हणाला, आवाज कमी ठेवा, खलाशांच्या कामाच्या भागात नेऊ नका. साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. जहाजावर चौघांना एकेक सेट वाटून ते केबिनच्या बोळातून कानात तार घालून, मांजराच्या पावलांनी चालायचे. जेवणाच्या हॉलात सेट बंद. लोखंडी भिंतींमुळे खालच्या मजल्यावर आवाज तुटायचा, म्हणून आधी जिन्यापाशी यायचं आणि मगच बोलायचं. एकदा आमच्याच चॅनेलवर एक अनोळखी नवरा-बायको टॉवेल कुठे हरवला यावरून कडाकडा भांडत होते. यांनी त्यांचं 'ओव्हर' होईस्तोवर वाट पाहिली. ती दोघं ओव्हर म्हणणाऱ्यांतली नव्हती. शेवटी एक फट सापडल्यावर साडू अत्यंत नम्रपणे म्हणाले, "माफ कीजिए, आपका झगडा चलने दीजिए, हम दूसरे चॅनेलपे जाते हैं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खालच्या डेकवर जिन्याजवळ चहा घेत बसलो होतो. ताई आणि माझी बायको वरच्या डेकवर होत्या. ताईंनी तिला शाल आणायला केबिनकडे पाठवलं, हे मला नंतर कळलं. साडूंनी कान दुखतो म्हणून तार काढून ठेवली होती. टेबलावरच्या सेटमधून ताईंचा आवाज आला.

"बोलू का? ओव्हर."

"बोल. ओव्हर," साडू म्हणाले.

"मंग मधात बोलू नका. मी ओव्हर म्हनत नाई तवरिक बटन दाबाचं नाई. तुमचाच नियम हाय." मग जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. "तुमचा दुसरा नियम मी मोडून राहिली. हे असं सेटवर सांगाचं नसते. पन समोर सांगते म्हनलं त तुमी सांगू देत नाई. मले आता दवाखान्यात जायचं नाई. ते सलाईन नाई, त्या उलट्या नाई. डॉक्टर काय सांगत होते ते मले समजलं होतं. मी समोरच बसली होती. तुमीच त्यायले मधात थांबवलं."

साडूंचा अंगठा बटणावर गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अंगठा उचलला.

"मले भेव लागते. नाई लागत असं नाई. पन तिथं जास्त लागते. जे काई दिवस असतीन ते आपल्या घरी, अकोल्याले. इथं पानी पाहून मले लय बरं वाटून राहिलं, म्हनून आजच सांगून टाकलं."

एवढं बोलून त्या थांबल्या. ओव्हर म्हणाल्या नाहीत. चहावर साय धरली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोटो काढण्यासाठी मोठ्याने हसत होतं. साडू बटण न दाबता त्या सेटकडे वाकून पुटपुटले, "ओव्हर म्हन ना वं माय, ओव्हर म्हन." त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि अंगठा बटणाच्या वर अधांतरी होता. नोकरीत त्यांनी पुराचे निरोप ऐकले होते, पण इतका वेळ त्यांनी कधी वाट पाहिली नसावी.

"पोराले तुमी सांगा," शेवटी आवाज आला. "त्याच्याशी भांडाची माह्यात ताकत नाई. ओव्हर."

साडूंनी बटण दाबलं. सवयीने एक श्वास थांबले.

"आयकलं," ते म्हणाले. पुढे 'ओव्हर' म्हणायचं राहून गेलं. सेट टेबलावर तसाच टाकून ते जिन्याकडे निघाले. माझी बायको केबिनच्या बोळात, जिन्याच्या तोंडाशी, हातात शाल आणि सेट घेऊन भिंतीला टेकून उभी असलेली मला सापडली. तिनेही सगळं ऐकलं होतं. आम्ही वर गेलो नाही.

बंदरावर मुलगा गाडी घेऊन उभा होता. साडू म्हणाले, "दवाखान्यात नाई जायचं. घरी जायचं." मुलगा आधी हसला, मग चिडला, मग तिथंच, सामानाच्या ढकलगाड्यांच्या गर्दीत ओरडायला लागला. "बाबा, तुम्ही थकलात म्हणून आईने मरायचं का? तुम्हाला काय अधिकार आहे?" असं आणखी बरंच, जे बापाला ऐकवू नये. मला वाटलं, आता हे तोंड उघडणार. साडू मान खाली घालून उभे होते. पोराचा श्वास संपेपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. मग म्हणाले, "झालं तुयं? आता मायले इचार."

मुलगा वळला. त्याने विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

"घरी जाऊ बेटा," ताई म्हणाल्या. मुलाने डोळे पुसले आणि बॅगा उचलल्या.

अकोल्याला ताई उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत होत्या. डॉक्टरांनी दुखणं कमी करायची औषधं दिली होती, ती कधी पुरायची, कधी नाही. एक सेट त्यांच्या उशाशी, दुसरा साडूंच्या कमरेला. स्वयंपाक आता साडू करत. आम्ही गेलो की सेटवरून ताईंचा बारीक आवाज यायचा, "फोडनी जळून राहिली. मले इथपर्यंत वास येऊन राहिला. ओव्हर." साडू एका हाताने कढई उतरवत म्हणायचे, "समजलं. ओव्हर." पुढे पुढे आवाज गेला. मग त्या नुसतं बटण दाबायच्या आणि इकडे खर्र वाजायचं. त्या खरखरीचे अर्थ साडूंना कळायचे, पाणी, कूस, दुखतंय. चुकला अर्थ तर ते विचारायचे आणि पुढची खरखर येईस्तोवर दारात थांबायचे. ज्या सकाळी ताई गेल्या त्या वेळी साडू खाटेच्या कडेलाच बसलेले होते. ताईंचा हात त्यांच्या हातात होता. सेटचं काही काम पडलं नाही.

परवा ते अमरावतीला आमच्याकडे आले. येताना बायकोसाठी संत्री आणली, मला तब्येतीचं विचारलं आणि माझ्या गुडघ्याची सगळी कंटाळवाणी हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतली. जेवणं झाल्यावर बायको सुपारी कातरत बसली, तसे ते तिच्यासमोर सतरंजीवर बसले.

"सुमन," ते म्हणाले, "तुमी दोघी दर्यापूरले लहान होत्या, तवा ती कशी होती वं?"

बायकोचा अडकित्ता थांबला. "ताई? भाऊजी, ताई लय द्वाड होती. सरकीच्या ढिगावरून उड्या मारे. शाळेतून पळून पूर्णेवर पोहाले जाये, पोरायच्या पुढं निंघून जाये..." ती थांबली. "तुमाले नाई सांगितलं तिनं कधी?"

"पोहाले येत होतं तिले?" साडू म्हणाले. बराच वेळ ते सतरंजीचा एक धागा बोटाने सारखा करत राहिले. "नाई. मी इचारलंच नाई कधी."

मग भिंतीला पाठ टेकून, नीट मांडी घालून ते बसले.

"तू सांग. मले काई घाई नाई."