योहानचं नाव घ्यायचं की नाही

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची पलटण पंजाबच्या सरहद्दीवर होती. मी नाईक, कंपनीचा वायरलेस ऑपरेटर. माझा जोडीदार लान्सनायक योहान. दोघंही घोडेगावजवळच्या एकाच गावचे. त्याचं घर चर्चच्या आळीत, आमचं मारुतीच्या देवळामागं. भरती झालो तेही एकाच दिवशी.

लोक मला लढाईचं विचारतात. किती मारले, किती रणगाडे फोडले. लढाईतला बराचसा वेळ खंदकात बसून डाळ गार होताना बघण्यात जातो, हे कुणाला ऐकायचं नसतं. योहान जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. तेवढ्यात त्याच्या ताटातली एक रोटी कमी व्हायची. त्याला कळायचं, पण त्याने कधी डोळे उघडून पाहिलं नाही. पोरं त्याला पाद्रीबुवा म्हणायची. हा पाद्रीबुवा प्रत्येक गोष्टीला "देवाची मर्जी असली तर" म्हणायचा आणि सेटची बॅटरी मात्र दोनदा तपासून घ्यायचा.

त्या दिवशी दुपारी हुकूम आला. समोर सरकंड्याचं उंच गवत, त्यापलीकडे नाला आणि नाल्यावर लहान पूल. पुलावर शत्रू आहे का, बघून यायचं. हवालदारसाहेब धरून पाच जणांची गस्तीची तुकडी निघाली. सेट घेऊन जायची पाळी योहानची होती. मी कंपनी हेडक्वार्टरच्या सेटवर, शेजारी सुभेदारसाहेब. पलीकडच्यांना कळू नये म्हणून सेटवर मराठीत बोलायची आम्हाला मुभा होती.

"पुलापशी आलो. माणूस दिसत न्हाई. ओव्हर."

"थांबा. नीट बघा. ओव्हर."

मग गवतातून मशिनगन सुरू झाली. आवाज आम्हाला सेटवरूनही आला आणि उघड्या कानांनीही.

"हवालदारसाहेबांच्या मांडीत गोळी. बाकीचे त्यांना घिऊन निघाल्यात. मी हितं थांबून फायर देतो. ओव्हर."

सुभेदारसाहेब म्हणाले, "त्याला म्हणावं, लगेच मागं ये."

मी सांगितलं.

"येतो. ही समदी लांब जाऊ द्या. ओव्हर."

त्यानंतर तोफांचे गोळे पडायला लागले. मी त्याला हाका मारत राहिलो. सुभेदारसाहेबांनी शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हेडफोन काढून घेतला.

हवालदारसाहेब वाचले. त्यांना आणणारे तिघंही परत आले. युद्ध थांबलं तेव्हा तो पूल पलीकडच्यांच्या ताब्यात होता. सफेद निशाण घेऊन आमचे अधिकारी बोलायला गेले, पण योहानबद्दल काही कळलं नाही. ना देह, ना सेट. त्याच्या नावापुढे 'मिसिंग' लागलं. मेला म्हणावं तर पुरावा नाही, आणि त्यांच्याकडे आपले कैदी होते, त्यात तो असूही शकत होता.

ईस्टरच्या सुमारास मला रजा मिळाली. घरी पाठीवरची पिशवी ठेवली आणि तडक त्याच्या घरी गेलो. मार्थामावशी, म्हणजे योहानची आई, उंबऱ्यात बसली होती. त्याची बायको राहेलवहिनी आत भाकरी थापत होत्या. गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, सगळं जागच्या जागी. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच.

"भाऊजी, खरं सांगा. तुमी त्यांना पडताना बघितलं का?"

"न्हाई, वहिनी."

"मंग ते हायेत का न्हाईत?"

"मला म्हाईत न्हाई."

खोटा धीर द्यायला माझी जीभच वळली नाही. मावशी पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाबा, आता तूच हिला समजाव. परवा ईस्टर. समदी आपापल्या मान्सापशी उभी ऱ्हातील. त्येच्या बापाची कबर हाय, पन लेकासाठी म्या कुठं उभी ऱ्हाऊ? एक क्रूस रोवू द्या, म्हनते. मला रडायला जागा पायजे."

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळींची रीत अशी. ईस्टरच्या आधी कबरींना चुना लावतात. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातात. प्रत्येक घर आपल्या कबरीपाशी उभं राहतं आणि आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतं. बाकीचे सगळे म्हणतात, "उठेल," म्हणजे शेवटच्या दिवशी देव त्याला पुन्हा जिवंत उठवील. योहानचं नाव तिथे घेतलं की तो गेला, हे घराने मान्य केल्यासारखं होणार होतं. न घ्यावं, तर आईचा मुलगा ना जिवंतांत, ना मेलेल्यांत.

वहिनी सासूजवळ खाली बसल्या. "आत्याबाई, तुमचं दुःख मला कळत न्हाई व्हय? पन रिकाम्या खड्ड्याला मी त्यांचं नाव देनार न्हाई. मेले असतील तर प्रभूच्या हातात हायेत. जित्ते असतील तर त्याच्याच हातात हायेत. ते कुठं हायेत ते मला ठाव न्हाई. हात ठाव हाय."

"तुमाला भ्या न्हाई वाटत?" मी विचारलं.

"लई वाटतं. ते बी त्यालाच सांगते."

मला त्यांचा हेवा वाटला. माझं मन तेव्हा त्या नाल्यापाशीच अडकलं होतं आणि माझ्यापाशी असा कुठलाच हात नव्हता.

ईस्टरच्या पहाटे मी मावशीला धरून कबरस्तानात नेलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलातलं वचन वाचलं. एकेक नाव घेतलं गेलं, "उठेल, उठेल" होत गेलं. राहेलवहिनी आत आल्या नव्हत्या. त्या फाटकात उभ्या होत्या, मेणबत्तीपुढे तळवा धरून. मावशीने इकडेतिकडे पाहिलं, माझा हात सोडला आणि कबरींमधून वाट काढत सुनेपाशी गेली. फाटकातच उभी राहून तिने हाक दिली, "योहान."

कुणालाच काय म्हणावं कळेना. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "येईल."

पाळकसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "येईल." मग सगळी मंडळी म्हणाली. मीही म्हणालो.

वर्षअखेरीस कैदी सुटून आले. आम्ही त्यांच्यातल्या जेवढ्यांना गाठता आलं तेवढ्यांना विचारलं. एकजण त्याच पुलाच्या बाजूला पकडला गेला होता. त्याने सांगितलं, त्याला नेताना पुलाजवळ पाठीवर सेट असलेला जवान पडलेला त्याने पाहिला. पलीकडच्या शिपायांनी त्या जवानाला याच्या डोळ्यांदेखत तिथेच माती दिली. निरोप घेऊन मीच गावी आलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "माती दिली ना?" मग सासूला कवटाळून त्या खूप रडल्या. मीही रडलो.

पुढच्या ईस्टरला त्या फाटकात थांबल्या नाहीत. मावशीचा हात धरून आत आल्या आणि सासऱ्यांच्या कबरीशेजारी उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनीच नाव घेतलं, "योहान." वहिनी काय म्हणतील, याची सगळे वाट बघत होते.

"उठेल," त्या म्हणाल्या. आवाज आदल्या वर्षीसारखाच होता, तसूभरही खाली आला नव्हता.

मी माझ्या देवाला मानणारा माणूस. पण त्या पहाटे मंडळींबरोबर मी तो शब्द म्हटला, तो नुसत्या रीतीसाठी नाही. माझा जोडीदार गवतात एकटा थांबला होता, आणि तो तिथेच संपला असं मला म्हणवत नव्हतं. अजूनही म्हणवत नाही.