माझ्या तर्रीवरचा आळ

माझ्या नवऱ्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली आणि अकोल्याला नेऊन तिच्यात स्प्रिंग टाकावी लागली. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावानं मात्र डॉक्टरांच्या आधीच निदान केलं होतं. गुन्हेगार मी. पुरावा, माझ्या हातच्या आलू-वांग्यावर तरंगणारी लाल तर्री.

नवरा चाळिशीचा, पऱ्हाटीच्या काडीसारखा बारीक. दिवसभर शेतात राबणारा, ना विडी ना दारू. पण एवढ्या खोलात शिरायला कुणाला सवड होती? भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पेशंटकडे बघायचा आणि मग माझ्या तेलाच्या पिप्याकडे. एका मामेसासऱ्यांनी तर ताट पुसून भाजी खाल्ली, वर वाटीभर तर्री मागून घेतली आणि हात धुताधुता म्हणाले, "सुनबाईचा हात लय सैल हाय. म्हणून तर पोराची हे गत झाली." त्यांना बडीशेप मीच दिली.

मग सासूबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळी उकडलेला दुधी, संध्याकाळी उकडलेलं गिलकं, सणासुदीला बदल म्हणून मीठ घातलेला दुधी. "आता पाहा, माह्या हातचं खाऊन कसा ठणठणीत होते थो." घरातला फोडणीचा आवाज बंद झाला. नवऱ्यानं यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. तेल गेलं म्हणजे आजार गेला, आणि आजार गेला तर डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

"ढोरावानी उकडलेलं खाऊन राह्यलो, मंग गोळी कायले पाह्यजे?"

मी रोज त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची, तो ती खिडकीत ठेवायचा. मी भांडले, रडलेसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "तर्री वाढताना नाई आली वाटते डॉक्टरची आठवन?" हा माणूस हातचा जातो की काय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता. पण आरोपीची भीती कोण विचारात घेतं!

शेवटी नवऱ्याच्या छातीवर पुन्हा दडपण यायला लागलं, तेव्हा आम्ही अकोला गाठलं. सासूबाईही आल्या, साक्षीदार म्हणून. रक्ताचा रिपोर्ट आला. एवढ्या दुधीचा बळी देऊनही कोलेस्टेरॉल जवळपास होतं तिथंच. डॉक्टरांनी गोळीचं विचारलं आणि नवऱ्याला अचानक छताचा पंखा फार आवडला.

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "हे माही सून चोरून तेल टाकत असन भाजीत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, याचे वडील?"

"थे तर कवाचेच गेले, हा लहान होता तवा. वावरात उभे होते, छातीले हात लावला अन् खाली बसले. उठलेच नाई."

"जाड होते?"

"कायचे जाड! याच्याचवानी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही. बरंचसं आपलं यकृतच बनवतं. ते बनवायला तिथं एक एन्झाइम कामाला असतं. ताटातलं कमी केलं की ते जास्त जोमानं बनवतं. शिवाय काही घराण्यांत रक्तातलं कोलेस्टेरॉल परत ओढून घ्यायचं यकृताचं काम जन्मापासूनच ढिलं असतं. मग ते रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं, थरावर थर चढतो, वाट बुजत जाते. ही गोळी त्या एन्झाइमला आवर घालते. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं ओढायला लागतं. दुधीला हे जमत नाही." मग ते नवऱ्याकडे वळले. "तेल बेतानंच खा. पण गोळी सोडलीत तर परत इथंच याल. आलात तर."

नवऱ्यानं पंख्यावरची नजर खाली आणली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आख्खं गाव जीपमध्ये कोंबून तिथं आणावं आणि डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावावं, असं वाटलं. निदान सासूबाईंसाठी तरी मी एक वाक्य कित्येक दिवस धार लावून ठेवलं होतं. ते काढायला मी त्यांच्याकडे वळले. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"साहेब, म्हंजे याचा बाप माह्या हातचं खाऊन नाई मेला?"

डॉक्टर म्हणाले, "मी त्यांना तपासलं नव्हतं, आजी. पण बहुतेक नाही."

"माही सासू मरेपर्यंत तसंच म्हने," त्या म्हणाल्या. "सारं गावच म्हने."

माझं वाक्य तोंडातच राहिलं.

दवाखान्याबाहेरच्या नळावर नवऱ्यानं गोळी गिळली. परतीच्या जीपमध्ये सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. गाडी सुटली तसं त्यांनी मला कोपरानं हलवलं.

"काय म्हने थो? बहुतेक नाई, असंच म्हने ना?"

"हो, असंच म्हणाले."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. शेलूबाजार येईपर्यंत त्या विचारत राहिल्या, आणि मी दर वेळी हो म्हणत राहिले.